‘एकोणपन्नास’बद्दल नववी ‘ब’चं म्हणणं

प्रफुल्लची कादंबरी मी वाचली नव्हती, तरी तिच्याबद्दल माझं मत होतं, आणि ते मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगतही होते. भुताखेतांचं लिहून कोणाचं भलं झालंय? तेही शाळेतलं भूत, नववीचा वर्ग, पोट्टे-पोट्ट्या. लिहायचं होतं तर दुसरं काही कमी होतं का या पांढरकवड्यात?

मी इंदू मॅडम. नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका, विषय मराठी. मी तापट आहे असं सारी शाळा म्हणते, आणि शाळा काही खोटं बोलत नाही. प्रफुल्ल माझाच जुना विद्यार्थी. बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथेच बसून त्यानं ही कादंबरी टाइप केली आणि नागपुरातून छापून आणली. नाव ‘एकोणपन्नास’. हायवेच्या कडेला एक शाळा असते. नववीच्या वर्गात हजेरी चालू असते, आणि गेल्या साली वारलेल्या एका पोरीचा नंबर चुकून पुकारला जातो. मागच्या बाकावरून आवाज येतो, “हजर.” जो मागं वळून बघतो त्याच्या घरचं माणूस पंधरा दिवसांत पडतं. एवढं मला पोट्ट्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. बाकीचं वाचायची मला गरज वाटली नाही.

पोट्ट्यांनी मात्र ती वाचून वाचून खिळखिळी केली. ज्यांनी आयुष्यात पाठ्यपुस्तक धड उघडलं नाही ते मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून मोठ्यानं वाचायचे. मराठीची बाई म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असता, पण आमच्या वर्गात एकोणपन्नास नंबर खरोखरच होता. पायल देवीलाल राठोड.

पायल तांड्यावरची. बाप देवीलाल ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई रुपीबाई मजुरीला जाते. पोरगी कबड्डीत अशी घुसायची की समोरच्या शाळेची मास्तरीण मला विचारायची, हिला खायला काय देता. जीभही तशीच, कोणाचं उसनं ठेवायची नाही. सुरुवातीला तिलाच या नंबरची मजा वाटायची. हजेरीत खोल आवाज काढून “हजर” म्हणायची आणि वर्ग खिदळायचा. तिच्या बाकावर बसणारी दीपमाला तर मुद्दाम मान पूर्ण वळवून तिच्याकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, “पाह्यलं बाप्पा, झालं मरण.”

मग दीपमालाचा बाप पडला.

ते साल सतराचं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळी आवरत नव्हती, आणि जो तो फवारणी वाढवत चालला होता. उंच पिकात पंप मारला की औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरतं. तालुक्यातून रोज कोणी ना कोणी यवतमाळच्या दवाखान्यात चाललं होतं. दीपमालाचा बाप, उकंडा, वामनरावांच्या वावरात फवारायला गेला, दुपारनंतर त्याला चक्कर आली, ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांपुढं अंधार. वामनरावांनीच जीपमध्ये घालून नेलं. दीपमाला आणि तिची आई सोबत गेल्या.

वामनरावांचा पोरगा बंटी माझ्याच वर्गात. पोट्ट्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, घरच्यांचे फोन घेऊन चालवायचे. त्याच दिवशी संध्याकाळी बंटीनं त्यावर लिहिलं, “दीपमालानं एकोणपन्नासकडं पाह्यलं होतं. आता समजलं का?”

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. एकोणपन्नास म्हणाले. पायल नेहमीच्या आवाजात म्हणाली, “हजर, मॅडम.” आणि सारा वर्ग समोर बघत राहिला. माना ताठ, नजर फळ्यावर. एक पापणी हलली नाही. पन्नास पोरांच्या वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही पाहिली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच त्याचा रागही आला.

“काय झालं रे? मानेला पट्टे लावले का?”

कोणी हसलं नाही.

मग ते वाढतच गेलं. तिच्या बाकावर कोणी बसेना. डब्याला तिच्याजवळ कोणी येईना. प्रार्थनेच्या रांगेत तिच्या पुढं-मागं एकेक माणूस मावेल एवढी जागा सुटायची. तिनं नळाला हात लावला की बाकीच्या पोरी दुसऱ्या नळाकडे. कबड्डीत ती घुसली की समोरच्या पोरी आपणहून रेषेबाहेर जायच्या, तिनं शिवायच्या आधी. एक दिवस तिनं भांडून पाहिलं, दोघींच्या वेण्या धरल्या. त्या रडायला लागल्या, पण तिच्याकडं पाहिलं नाही, डोळे मिटून रडल्या. त्यानंतर पायल हजेरीला “हजर” म्हणायची बंद झाली. मी तिच्याकडे बघून स्वतःच खूण करायची.

मी वर्गाला झापलं. चार जणांना बाहेर उभं केलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले, पोट्टे आहेत, विसरतील. कशाचं विसरतात.

सोमवारी रुपीबाई आली. व्हरांड्यात चपला काढून उभी राहिली.

“मॅडम, पोरीचा दाखला द्या.”

“कशाला?”

“उमरखेडले माही बहीण हाय. तिकडंच घालतो शाळेत.”

“कोणत्या शाळेत?”

याचं उत्तर मला माहीतच होतं. नववीत दाखला काढून नातेवाइकाकडे गेलेली पोरगी पुन्हा कोणत्या शाळेत दिसत नाही. ती वेचणीला दिसते, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मांडवात. पंचवीस वर्षं हे बघतेय मी.

“बाई, तुले पोरीले शिकवायचं नाही का?” माझा आवाज चढला.

“शिकवायचं हाय,” ती म्हणाली. “पण मॅडम, पोरगी जेवत नाही. काल मले म्हणे, याडी, मी खरंच मेली तं नाही ना?” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. रुपीबाईनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. “मले पोरगी जिती पायजे.”

मी तिच्याजवळ शनिवारपर्यंतची मुदत मागितली. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा ये, तोपर्यंत जमलं नाही तर दाखला मी स्वतः लिहून देईन. ती हो म्हणाली.

आता बघा माझी अक्कल. रात्रभर विचार करून मी ठरवलं की नंबरचीच भानगड आहे ना, तर नंबरच काढून टाकू. मंगळवारी हजेरीत अठ्ठेचाळीस म्हणाले आणि त्यानंतर सरळ पन्नास. पायल पन्नास, पुढच्या साऱ्यांना एकेक नंबर वाढवला. मला वाटलं, काय सोपा उपाय, आधी काहून सुचला नाही.

वर्गाचा रंगच उडाला. पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं दप्तर छातीशी घट्ट धरलं. मी विचारलं, काय झालं व? ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही पुस्तक नाही वाचलं का?”

“नाही.”

“त्याच्यात हेडसर असंच करते. एकोणपन्नास नंबर काढून टाकते. मंग तिले नंबरच राह्यत नाही, तं ती कोणाच्याही नंबरवर हजर म्हणते.”

दुसऱ्या दिवशी बारा नंबर पुकारला तर दोनदा “हजर” आलं. कोण्या वात्रटाचं काम होतं, मला कळत होतं, पण कोण ते कळलं नाही, आणि करणारा सोडून साऱ्या वर्गाचं रक्त गोठलं. मधल्या सुट्टीनंतर सहा पोरं घरी निघून गेली. पोट्ट्यांच्या हिशेबानं आता पायलपाशी नंबरही नव्हता. मी माझ्या हातानं तिला पक्कं भूत करून ठेवलं होतं.

तशीच तणतणत प्रफुल्लच्या दुकानात गेले. तो मोबाइल घेऊन बसला होता, मला बघून उठला, पाया पडला.

“मॅडम, पाहा ना, किती अभिप्राय आले.” त्यानं ग्रुप काढला होता, ‘एकोणपन्नास वाचक परिवार’. मला वाचून दाखवायला लागला. “सर, तुमचं पुस्तक वाचून मी दोन दिवस संडासले एकटी नाही गेली. हे पाहा, सर, भूत मस्त, पण लव्हस्टोरी पाहिजे होती. हे घाटंजीचे एक काका म्हणतात, शुद्धलेखनाच्या चुका सोडल्यास उत्तम. अन् हे…” तो थांबला.

“वाच.”

“त्यातल्या मॅडम सेम टू सेम आमच्या इंदू मॅडम.”

“अस्सं?”

“थोडंसं घेतलं मॅडम. अंबाड्यात खडू खोचता ते.”

माझा हात अंबाड्याकडे गेला. खडू होताच तिथे. मी तो काढून त्याच्या काउंटरवर आपटला. मग त्याला पायलचं सारं सांगितलं, ताठ मानांपासून दाखल्यापर्यंत. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“मॅडम, पण हे सारं काल्पनिक हाय. पहिल्या पानावर लिहिलंय.”

“मग शनिवारी येऊन पोट्ट्यांना सांग. वर्गात वाचकांचे अभिप्राय ठेवते. तुला आवडतात ना अभिप्राय?”

तो हो म्हणाला. एक प्रत माझ्या हातात दिली, पैसे घेत नव्हता. मी घ्यायला लावले.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून यवतमाळला निघाले, उकंडाला बघायला. एसटीत खिडकीशी बसून पुस्तक उघडलं, चुका काढायच्या तयारीनं. लाल पेनही घेतला होता. उमरीच्या अलीकडे पेन पर्समध्ये गेला. काय लिहिलं होतं त्या पोट्ट्यानं. शाळेतला ओल्या छत्र्यांचा वास, डस्टरची धूळ, बाकाखाली चिकटवलेलं चिंगम, सारं आमचंच. आणि ती पोरगी, जिचा नंबर तेवढा उरलाय. भरदुपारी, भरलेल्या गाडीत, मागच्या सीटवरून कोणी खोकललं तर मी वळून बघितलं नाही. मी, पन्नाशीची बाई. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी जे जे करणार होते ते सारं त्या पुस्तकात आधीच होतं. बाई वर्गाला रागावते, होतं. हेडसर नंबर काढतात, होतं. बाहेरचा शहाणा माणूस येऊन सांगतो की भूतबित काही नसतं, तेही होतं, आणि त्यानंतर तर फारच वाईट होतं.

वॉर्डात उकंडा पडून होता. डोळ्यांवर पट्टी, हाताला सलाइन. जीव वाचला होता, डॉक्टर म्हणत होते नजरेचं सांगता येत नाही. दीपमाला पायथ्याशी बसली होती. तिच्या मांडीवर तेच पुस्तक. मला बघून उठली.

“मॅडम, पायल येते ना शाळेत?”

मी तिला सांगायला नको होतं, आधीच तिचं काय कमी होतं. पण तिनं विचारलं आणि मी सांगून बसले. बंटीनं ग्रुपवर लिहिलेलंही सांगितलं, घरचा फोन आईजवळ असायचा, तिला काही पत्ता नव्हता. तिनं फक्त एकदा बापाकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, घाबरली पोरगी. परतीच्या गाडीत मी पुस्तक उघडलं नाही. उद्या काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि ती भीती पुस्तकातल्या भीतीपेक्षा मोठी होती.

शनिवारी छोटी सुट्टी संपली आणि प्रफुल्ल आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी त्याला टेबलाजवळ खुर्ची दिली. उजवीकडे पोरं, डावीकडे पोरी, मधून चालायला जागा, आमच्या वर्गाची नेहमीची मांडणी. पायल मागच्या बाकावर एकटी, खिडकीजवळ. खिडकीच्या बाहेर व्हरांड्यात रुपीबाई येऊन बसली होती, गजांमधून तिचा पदर दिसत होता. दाखल्याचं पुस्तक मुख्याध्यापकांनी आधीच माझ्या टेबलावर पाठवून दिलं होतं.

“ज्याला जे वाटलं ते सांगा,” मी म्हणाले. “आवडलं, नाही आवडलं, काहीही.”

सुरुवातीला कोणी उठेना. मग संघदीप उठला, वर्गातला हुशार. म्हणाला, वातावरणनिर्मिती चांगली आहे. एकजण म्हणाला, भुताची एंट्री लवकर झाली. एक पोरगी म्हणाली की त्यातल्या हेडसरचं पोट फार वेळा आलं आहे. थोडं हसू फुटलं. प्रफुल्ल मान हलवत होता, सगळं मनावर घेत होता. मला वाटलं, निघेल काहीतरी.

मग तो उठून उभा राहिला. “मुलांनो, एक सांगतो. हे सारं मी मनानं रचलंय. ती पोरगी नव्हतीच कधी. असं काही नसते.”

बंटी उठला. आठ-दहा दिवसांत तो सुकला होता, डोळे आत गेले होते. मला ते तेव्हा लक्षात आलं, आणि अर्थ कळला नाही.

“सर, पान एकशेबारावर तो पाहुणाही असाच म्हणते. नव्हतीच कधी. मंग त्याचंच माणूस पडते.”

“अरे पण तो मीच लिहिला ना.”

“तुम्ही लिहिलं तेव्हा खोटं असन,” बंटी म्हणाला. “आता खरं झालं. दीपमालाचे बाबा पडले का नाही? तिनं पाह्यलं होतं का नाही एकोणपन्नासकडं? सांगा.”

प्रफुल्ल माझ्याकडे बघायला लागला. मागच्या बाकावर पायल बाकाच्या फळीवर नखानं ओरखडे काढत होती. खिडकीबाहेर रुपीबाई उठून उभी राहिली. तिनं गजाला हात धरला आणि मला खूण केली, आता द्या. मी टेबलावरचं दाखल्याचं पुस्तक जवळ ओढलं. मला रडू येत होतं आणि पोट्ट्यांसमोर रडायचं नव्हतं.

“मॅडम, आत येऊ?”

दारात दीपमाला. युनिफॉर्म चुरगळलेला, केस धड विंचरलेले नाहीत, हातात पुस्तक. पहाटेच्या एसटीनं आली होती.

“ये. बाबा कसे आहेत?”

“बरे हायत. आई बसली तिथं.” ती आत आली आणि तिनं पहिल्यांदा वर्गाकडे बघितलं, मग पायलच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. “अभिप्राय चालू हायत ना? मले द्यायचा हाय.”

मी मान हलवली. ती फळ्यासमोर उभी राहिली. प्रफुल्लला म्हणाली, “सर, मी हे दोनदा वाचलं. बाबाईले दिसत नाही तं त्याईले वाचून दाखवलं. ते म्हणे, पोट्ट्यानं लिहिलं चांगलं.”

प्रफुल्लनं हात जोडले.

“मले नाही आवडलं.”

“काहून?” तो हळूच म्हणाला.

“याच्यात माणूस पडलं का सारे म्हणते, तिनं केलं. मंग कोणी काही विचारत नाही. काय खाल्लं होतं, कुठी गेलता, कोण सोबत होतं, काहीच नाही. एका पोरीवर टाकलं का झालं, सारे मोकळे.” तिचा आवाज बारीक होता पण थांबत नव्हता. “माह्या बाबाले एकोणपन्नासनं नाही पाडलं. सकाळपासून पंप पाठीवर होता. हवा तोंडावर येत होती. हातमोजे मांगतले तं म्हणे एका दिवसाच्या कामाले कायले पायजे. अन् पंपात दोन औषधं एकत्र टाकली. बाबा नाही म्हणत होते, दोन नको टाका, तरी टाकली. आता कोणाचं वावर होतं ते साऱ्याइले मालूम हाय. मी नाव नाही घेत.”

नाव घ्यायची गरज नव्हती. पन्नास माना एकाच बाजूला वळल्या, आठवडाभर जखडून बसलेल्या त्याच माना. बंटी अजून उभाच होता. त्याचा चेहरा पांढराफट पडला होता.

“मी टाकली,” तो म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही असं वाटून तो पुन्हा बोलला. “मी पाणी आणून देत होतो. बाबानं मले म्हणलं, ती दुसरी बाटली पण वत, जोर येते. मी वतली. उकंडाभौ नाही म्हणत होते.” मग तो मटकन बाकावर बसला आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. चौदा वर्षांचा पोट्टा आठवडाभर एकटाच हे घेऊन हिंडत होता. कोण्या भुतानं केलं असेल तर त्याच्या हातानं झालं नाही, एवढाच त्याचा हिशेब. मला त्याचा राग आला, आणि कीवही.

बाटली बंटीनं ओतली हे दीपमालाला माहीत नव्हतं, तिच्या तोंडावर दिसलं. ती चालत मागं गेली आणि पायलच्या बाकावर, आपल्या जागी बसली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. एक पोरगी मागं वळली, मग दुसरी. साऱ्याजणी पायलकडे बघायला लागल्या, एकामागून एक, आणि कोणाला काही झालं नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण माझं लक्ष पोरांच्या बाजूला गेलं. बंटीच्या बाकावरचा संघदीप टोकाला सरकला होता. मग तो उठलाच आणि पुढच्या बाकावर तिसरा म्हणून जाऊन बसला. मागच्या बाकावरच्या दोघांनी दप्तरं उचलली. पुढच्यानं आपली बाटली काढून घेतली. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी काही बोललं नाही, आणि बघता बघता बंटीच्या भोवती चारी बाजूंनी जागा मोकळी झाली. तीच जागा, तेवढीच. माना पुन्हा फळ्याकडे ताठ.

मी काय म्हणणार होते? त्याच्याशी नीट वागा? या आठवड्यात हे वाक्य मी कितीदा बोलले आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. प्रफुल्लच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

मागच्या बाकावर आवाज झाला. पायल उठली. तिनं दप्तर खांद्याला लावलं. मला वाटलं, झालं, चालली आईकडे. खिडकीशी रुपीबाईनंही गज सोडले आणि ती दाराकडे यायला निघाली. दीपमालानं पायलचा हात धरला. पायलनं तो हळूच सोडवला आणि मधल्या जागेत आली. दाराकडे वळायच्या ऐवजी तिनं ती जागा ओलांडली आणि पोरांच्या बाजूला गेली.

आमच्या शाळेत पोरगी पोरांच्या बाकाला दप्तर टेकवत नाही. रंगपंचमीलाही नाही. पायल बंटीच्या बाकाजवळ थांबली.

“सरक,” ती म्हणाली.

बंटीनं डोकं वर केलं नाही.

“सरक म्हणते ना. मले भूत म्हणे तू. साऱ्या गावाले सांगतलं. आता बस भुताजवळ.”

तिच्या आवाजात दया नव्हती. चांगला राग होता, आठवडाभराचा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही. बंटीनं तिच्याकडे बघितलं. मग तो भिंतीकडे सरकला. ती त्याच्या शेजारी बसली, दप्तर मांडीवर घेऊन, सरळ समोर बघत.

रुपीबाई दारात येऊन थांबली होती. आपली पोरगी कुठे बसली आहे ते तिनं पाहिलं. मी दाखल्याचं पुस्तक हातात घेऊन तिच्याजवळ गेले. ते तिच्यापुढं केलं.

“राहू द्या, मॅडम,” ती म्हणाली. “मी निंगतो. वेचणीले उशीर होऊन राह्यला.”